हँडलबार पाल्सी

हँडलबार पाल्सी हा सायकलच्या हँडलवर दीर्घकाळ भार देऊन राहिल्याने तळहातातील तंत्रिकेवर दाब पडून उद्भवणारा विकार आहे. करंगळीला व अनामिकेच्या करंगळीकडील अर्ध्या भागाला मुंग्या येणे, ती बोटे बधिर होणे आणि पुढच्या टप्प्यात पंजाची पकड दुबळी होणे ही त्याची प्रमुख लक्षणे होत. वैद्यकीय लिखाणात त्याला 'सायकलस्वाराचा पक्षाघात' असेही म्हटले जाते. मात्र मेंदूतील रक्तपुरवठा खंडित झाल्याने होणाऱ्या पक्षाघाताशी त्याचा काहीही संबंध नाही. बहुतेक रुग्णांत हा विकार सौम्य असतो आणि सायकलीची मापे व हात ठेवण्याची पद्धत सुधारल्यास टाळता येतो. दुर्लक्ष केल्यास मात्र तळहातातील लहान स्नायू कायमचे क्षीण होऊ शकतात.

बोलीभाषेत 'नस दबली' एवढ्यावर या तक्रारीची बोळवण केली जाते. मराठीत 'नस' हा शब्द रक्तवाहिनी, स्नायूची दोरी आणि तंत्रिका या तिन्हींसाठी वापरला जात असल्याने नेमके काय दबले आहे हे त्यातून कळत नाही. या लेखात मेंदू व मेरुरज्जू यांच्याकडे जाणारे संवेदनांचे आणि त्यांच्याकडून येणारे हालचालींचे संदेश वाहणाऱ्या धाग्यांसाठी 'तंत्रिका' हा शब्द योजला आहे.

शरीररचना

पंजाला संवेदना पुरविणाऱ्या तीन मुख्य तंत्रिकांपैकी अल्नर तंत्रिका या विकारात सर्वाधिक सापडते. मानेच्या आठव्या व छातीच्या पहिल्या मेरुतंत्रिकेतून निघालेले तिचे धागे काखेतून दंडाच्या आतील बाजूने खाली येतात आणि कोपराच्या मागील खाचेतून जातात. कोपर कशावर तरी आपटले असता करंगळीपर्यंत जी विजेसारखी कळ जाते, ती याच तंत्रिकेची. पुढे मनगटाशी ती करंगळीच्या बाजूने एका आखूड बोगद्यातून तळहातात शिरते. या बोगद्याच्या एका बाजूला वाटाण्याच्या आकाराचे पिसिफॉर्म हाड आणि दुसऱ्या बाजूला हॅमेट हाडाचा आकडा असतो. फ्रेंच शल्यचिकित्सक फेलिक्स गुयाँ यांनी १८६१ मध्ये या जागेचे वर्णन केले, म्हणून तिला गुयाँ नलिका म्हणतात. गुयाँ यांची पुढील ख्याती मूत्रविकारतज्ज्ञ म्हणून झाली.

गुयाँ नलिकेत तंत्रिकेच्या सोबतीला अल्नर धमनी असते. अंगठ्याच्या बाजूकडील कार्पल बोगद्यातून मीडियन तंत्रिकेबरोबर बोटे वाकविणाऱ्या नऊ स्नायुरज्जू जातात आणि त्यावर जाड, आडवा अस्थिबंध असतो. गुयाँ नलिकेचे छत त्या मानाने पातळ आहे: थोडी चरबी, एक चिमुकला स्नायू आणि नाजूक पडदा. बाहेरून पडणारा दाब त्यामुळे तंत्रिकेपर्यंत सहज पोचतो. हँडलच्या मुठीवर तळहात टेकला की नेमकी हीच उंचवट्याची जागा भार घेते, हे या विकाराचे मूळ होय.

नलिकेच्या आत तंत्रिकेला दोन फाटे फुटतात. वरचा फाटा करंगळी व अर्ध्या अनामिकेला संवेदना पुरवितो. खोलवरचा फाटा हॅमेटच्या आकड्याला वळसा घालून तळहातात आडवा पसरतो आणि बोटे फाकविणारे व जुळविणारे स्नायू, करंगळीच्या मुळाशी असलेले स्नायू आणि अंगठा तर्जनीकडे ओढणारा स्नायू यांना चालना देतो. दाब कोणत्या फाट्यावर पडतो त्यानुसार लक्षणे बदलतात. शी आणि मॅक्लेन यांनी १९६९ मध्ये याच आधारावर मनगटापाशी होणाऱ्या अल्नर दाबाचे तीन प्रकार मांडले. पहिल्यात संवेदना व शक्ती दोन्ही बाधित होतात, दुसऱ्यात केवळ शक्ती आणि तिसऱ्यात केवळ संवेदना. दुसरा प्रकार फसवा आहे. त्यात बधिरपणा नसल्याने सायकलस्वाराला धोक्याची सूचनाच मिळत नाही आणि शर्टाची बटणे लागेनाशी झाल्यावर किंवा कुलपात किल्ली फिरेनाशी झाल्यावर प्रकार ध्यानात येतो.

तळहाताच्या मध्यभागी किंवा अंगठ्याच्या मुळाशी भार पडत असेल, अथवा मनगट सतत मागे मोडलेले राहत असेल, तर मीडियन तंत्रिकेवर दाब येऊन अंगठा, तर्जनी व मधले बोट यांना मुंग्या येतात. कोणती बोटे बधिर होतात याकडे लक्ष दिल्यास कोणती तंत्रिका दबली आहे याचा अंदाज सायकलस्वारालाही बांधता येतो.

कारणे

मांडी घालून बराच वेळ बसल्यावर पायाला ज्या मुंग्या येतात त्यामागील क्रिया आणि या विकाराची सुरुवात यांत तत्त्वतः फरक नाही. दाबामुळे तंत्रिकेला रक्त पुरविणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या चेपल्या जातात आणि संदेशवहन तात्पुरते थांबते. दाब लवकर निघाल्यास काही मिनिटांत सारे पूर्ववत होते. तोच दाब तासन्‌तास, दिवसांमागून दिवस पडत राहिला तर तंत्रिकेच्या धाग्यांवरील मायलिन आवरण झिजते आणि अखेरीस धागे स्वतः तुटतात.

हातावर किती भार पडतो हे प्रामुख्याने बसण्याच्या ठेवणीवर अवलंबून असते. भारतात अनेक दशके वापरात असलेल्या काळ्या, दांड्यांच्या ब्रेकच्या सायकलीवर स्वार जवळजवळ ताठ बसतो, हँडल उंच व मागे वळलेले असते आणि बहुतेक वजन सीटवर पडते. अशी सायकल रोज चालविणाऱ्या दूधवाल्यांना किंवा टपाल वाटणाऱ्यांना पाठीचे व गुडघ्यांचे दुखणे जडले, तरी हात बधिर होण्याची तक्रार त्या मानाने कमी उद्भवते. शर्यतीच्या सायकलीवर वाऱ्याचा अवरोध कमी करण्यासाठी धड पुढे झुकविले जाते. झुकलेले धड तोलून धरण्याचे काम पोट व पाठीच्या स्नायूंनी करावयाचे असते. ते थकले की सगळा भार सरळ केलेल्या कोपरांतून तळहातांवर उतरतो.

येथे पायांचाही वाटा आहे आणि तो सहसा विसरला जातो. पायडल जोरात दाबले जात असताना पायांच्या रेट्याने धड थोडे उचलले जाते व हातांवरील भार हलका होतो. रमतगमत, हलक्या गियरवर चालविताना हा आधार मिळत नाही. त्यामुळे चढावर न जाणवलेल्या मुंग्या सपाट, सोप्या रस्त्यावर सुरू झाल्या तर त्यात नवल नाही.

दुसरे मोठे कारण कंपन. रस्त्याचा खडबडीतपणा टायर, चाक, फोर्क व हँडल या मार्गाने थेट तळहातापर्यंत येतो. खड्डे, एकामागोमाग एक घातलेले गतिरोधक आणि डांबर उखडून खडी वर आलेले पट्टे हे हातांचे शत्रू. टायरमध्ये गरजेपेक्षा जास्त हवा असेल तर हा त्रास कित्येक पटींनी जाणवतो. घाट उतरताना दोन्ही कारणे एकत्र येतात: उताराने शरीर पुढे घसरते, ब्रेक सतत दाबून धरावे लागतात, मूठ घट्ट आवळली जाते आणि वेग जास्त असल्याने धक्केही मोठे बसतात. आंबोली किंवा ताम्हिणीसारखा लांब घाट चढताना पाय बोलतात आणि उतरताना हात, असा अनुभव येतो तो यामुळेच.

मनगटाचा कोन हे तिसरे कारण. मनगट मागे मोडलेले किंवा करंगळीच्या दिशेने वाकलेले असताना नलिकेतील जागा कमी होते व तंत्रिका ताणली जाते. ब्रेकचे दांडे चुकीच्या कोनात बसविलेले असणे, हँडल खांद्यांच्या मानाने फार रुंद असणे आणि ब्रेकपर्यंत बोटे पोचण्यासाठी पंजा ताणावा लागणे यांमुळे मनगट नकळत तसे वाकते. लहान पंजाच्या व्यक्तींना, त्यातही घरातील थोरल्यांची सायकल वापरणाऱ्या किशोरवयीन मुलामुलींना, ही अडचण विशेष येते. हँडलला जड पिशव्या अडकवून चालविल्यास सायकल सरळ ठेवण्यासाठी मूठ अधिक आवळावी लागते, हेही येथे नमूद करावयास हवे.

इतिहास

सायकल लोकप्रिय होताच हा विकारही दिसू लागला. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले, त्याआधीच्या सायकलींची चाके भरीव रबराची किंवा लोखंडी धावेची असत. हवेच्या टायरमुळे धक्के कमी झाले, पण लांब पल्ल्याची सफर आवाक्यात आली आणि हँडलवर हात टेकून राहण्याचे तास वाढले. १८९६ मध्ये फ्रेंच वैद्य एतियेन देस्तो यांनी सायकलच्या वापराने होणाऱ्या अल्नर तंत्रिकेच्या पक्षाघाताविषयी टिपण प्रसिद्ध केले. दगडी फरसबंदीच्या रस्त्यांसाठी प्रसिद्ध असलेली पॅरिस–रूबे शर्यत त्याच वर्षी प्रथम भरली, हा एक योगायोग.

पुढे मोटारीच्या युगात विषय मागे पडला. १९७० च्या दशकात अमेरिकेत दहा गियरच्या, खाली वळलेल्या हँडलच्या सायकलींची लाट आली आणि १९७५ मध्ये 'आर्काइव्ह्ज ऑफ न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात सायकलस्वारांतील अल्नर विकारावर पुन्हा लेख आला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पॅटरसन व सहकाऱ्यांच्या पाहणीत ६०० किलोमीटरच्या सफरीआधी व नंतर २५ सायकलस्वारांचे हात तपासण्यात आले. त्यांपैकी २३ जणांत संवेदनेचा, शक्तीचा किंवा दोन्हींचा काही ना काही बिघाड आढळला. हा नमुना लहान आहे आणि त्यातील बहुतेक तक्रारी सौम्य होत्या, तरी लांब पल्ल्याच्या सायकलस्वारीत हात बधिर होणे हा अपवाद नसून जवळजवळ नियम आहे, एवढे त्यावरून म्हणता येते. विस्कॉन्सिन येथील संशोधकांनी २०११ मध्ये तळहाताखाली दाबमापके ठेवून केलेल्या मोजणीत, गादी असलेल्या हातमोज्यांनी करंगळीखालच्या उंचवट्यावरील दाब हाताच्या स्थितीनुसार सुमारे १० ते २८ टक्के कमी होतो असे दिसले. हातमोज्यांचा उपयोग होतो, पण सर्व दोष त्यांनी झाकला जात नाही, असा याचा अर्थ.

महाराष्ट्रात सायकल दीर्घकाळ कामावर जाण्याचे वाहन होती. पुण्याला तर सायकलींचे शहर म्हटले जाई. एकविसाव्या शतकात छंद व क्रीडा म्हणून तिचे पुनरागमन झाले आणि २००, ३००, ४०० व ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे सफरी अनेक शहरांतून होऊ लागल्या. ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला ४० तासांची मुदत असते, म्हणजे हात दीड दिवसाहून अधिक काळ हँडलवर राहतात. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर जाणारी 'रेस अक्रॉस अमेरिका' नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघाने, तर लष्करी अधिकारी श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये एकट्याने पूर्ण केली. अशा पल्ल्यांमुळे हातांची काळजी हा विषय मराठी सायकलस्वारांच्या बोलण्यात आला.

लक्षणे

सुरुवात बहुधा करंगळीच्या टोकाला येणाऱ्या मुंग्यांनी होते. हात झटकला किंवा पकड बदलली की त्या जातात. पुढे बोटे जाड झाल्यासारखी, कापडातून स्पर्श केल्यासारखी वाटतात आणि सायकलवरून उतरल्यावरही काही तास तशीच राहतात. तळहाताच्या कडेला बोथट दुखणे असू शकते.

शक्ती कमी होण्याची चिन्हे वेगळी आहेत. नखे कापण्याचे यंत्र दाबताना, भाकरीचा तुकडा एका हाताने मोडताना, बाटलीचे झाकण उघडताना अंगठ्याचा जोर अपुरा पडतो. बोटे एकमेकांना चिकटविता येत नाहीत आणि करंगळी बाजूला फाकलेली राहते. अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत कागद धरून ओढला असता अंगठ्याचे टोकाचे पेर वाकते. १९१५ मध्ये ज्यूल फ्रोमाँ यांनी वर्णिलेली ही खूण त्यांच्याच नावाने ओळखली जाते. विकार जुना झाला की अंगठा व तर्जनी यांमधील मांसल भाग पंजाच्या मागील बाजूने खोलगट दिसू लागतो. हा खोलगटपणा म्हणजे स्नायू झिजल्याचे लक्षण असून या टप्प्यावर वैद्यकीय तपासणी लांबविणे योग्य नाही.

प्रतिबंध

उपाय शोधताना बहुतेकजण आधी हातमोजे विकत घेतात. खरे तर क्रम उलटा असावयास हवा: प्रथम हातांवर येणारा भार कमी करणे, मग मनगट सरळ करणे, मग कंपन कमी करणे आणि उरलेल्या दाबासाठी गादी.

भाराची सुरुवात सीटपासून होते. सीटचे टोक पुढे खाली झुकलेले असेल तर शरीर सतत पुढे घसरते आणि ते थोपविण्यासाठी हात हँडलवर रेटावे लागतात. गवंड्याची पाणसळ सीटवर लांबीच्या दिशेने ठेवून ती समपातळीत आहे का हे पाहता येते. एक-दोन अंशांचा कल सोसतो, त्याहून जास्त नको. बसताना टोचते म्हणून टोक खाली करण्याची पद्धत सर्रास आढळते. त्यात बैठकीची तक्रार हातांकडे सरकविली जाते, एवढेच. अशा वेळी सीटचा आकार किंवा रुंदी बदलणे श्रेयस्कर. सीट अतिउंच असल्यासही भार पुढे जातो. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा पूर्ण ताठ न होता सुमारे २५ ते ३५ अंशांत वाकलेला राहावा, हा उंची ठरविण्याचा प्रचलित निकष आहे. सीट किंचित मागे सरकविल्याने कंबर मागे जाते आणि धड पायांवर अधिक तोलले जाते. मात्र त्याबरोबर हँडलही लांब जाते, म्हणून दोन्ही मापे एकत्र पाहावी लागतात.

हँडल फार खाली किंवा फार लांब असेल तर स्टेम बदलून अथवा त्याखालील कड्यांची संख्या वाढवून ते जवळ व वर आणता येते. स्टेमचे बोल्ट निर्मात्याने सांगितलेल्या मर्यादेतच आवळावे लागतात, विशेषतः कार्बनच्या भागांवर. तेव्हा हे काम जाणत्या मेकॅनिककडून करवून घेणे बरे. चाचणीची एक सोपी रीत अशी: मोकळ्या, सुरक्षित जागेत नेहमीच्या वेगाने चालवीत असताना कोपरे सैल ठेवून हातांचा दाब क्षणभर हलका करावा, बोटे हँडलवरच असू द्यावीत. धड लगेच पुढे कोसळल्यासारखे वाटले तर भार हातांवर आहे असे समजावे.

मनगटासाठी ब्रेकच्या दांड्याचा कोन तपासावा. सरळ हँडलच्या सायकलीवर खांद्यापासून बोटांपर्यंत हात एका ओळीत असताना बोटे ब्रेकवर पडली पाहिजेत. दुकानातून आलेल्या अनेक सायकलींवर दांडे जमिनीला जवळजवळ समांतर बसविलेले असतात आणि त्यामुळे मनगट मागे मोडते. बोल्ट सैल करून दांडा थोडा खाली फिरविला की फरक पडतो. बहुतेक आधुनिक ब्रेकना दांडा मुठीच्या जवळ आणण्यासाठी एक लहान स्क्रू असतो आणि लहान पंजाच्या स्वारांना त्याचा मोठा उपयोग होतो. खाली वळलेल्या हँडलवर ब्रेकच्या डोक्यावर हात ठेवला असता मनगट बाहेरच्या बाजूला मोडू नये, एवढे पाहावे.

मुठींचा प्रकारही महत्त्वाचा आहे. गोल, बारीक आणि कडक प्लास्टिकच्या मुठी दाब एका रेषेत एकवटतात. मागील बाजूस पंखासारखा पसरट भाग असलेल्या मुठी तोच भार तळहाताच्या रुंदीवर वाटतात. तो पंख वर उचललेला राहिला तर मनगट मागे मोडते व फायद्याऐवजी तोटा होतो, म्हणून बसविल्यानंतर एक-दोन फेऱ्या मारून कोन जुळविणे आवश्यक असते. सरळ हँडलच्या टोकांना शिंगासारखे जोड बसविले तर पकडीची आणखी एक जागा मिळते. वळलेल्या हँडलवर जाड पट्टी किंवा पट्टीखाली जेलचे तुकडे घालण्याची पद्धत आहे.

कंपन कमी करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे टायरमधील हवा योग्य ठेवणे. टायर दगडासारखा टणक लागेपर्यंत हवा भरणे हा जुना रिवाज आहे. त्याने सायकल वेगवान वाटते, पण खडबडीत रस्त्यावर ती उसळते आणि हात बडविले जातात. टायरच्या कडेवर पीएसआयमध्ये छापलेली कमाल मर्यादा ही भरण्याची शिफारस नव्हे. स्वाराचे वजन, टायरची रुंदी व रस्ता पाहून त्याहून कमी हवा चालते. मात्र ती इतकी कमी नसावी की खड्ड्यात रिम आपटून ट्यूब चेपली जाईल. फ्रेममध्ये जागा असल्यास रुंद टायर घालणे हिताचे. शर्यतीच्या सायकलींवरही पूर्वी रूढ असलेले २३ मिलिमीटरचे टायर मागे पडून २८ मिलिमीटर व त्याहून रुंद टायर रूढ झाले आहेत.

हातमोजे निवडताना गादीच्या जाडीपेक्षा तिची जागा पाहावी. करंगळीखालचा उंचवटा व तळहाताचा मध्य यांमधील भागावर दाब पडू नये, अशा रीतीने गादीचे तुकडे असावेत. फार जाड गादी घडी पडून स्वतःच बोचते, शिवाय मूठ जाड झाल्याने पकड अधिक आवळावी लागते. मनगटावरील पट्टी घट्ट ओढणेही टाळावे. पावसाळ्यात भिजलेले मोजे कातडी सोलतात, त्यामुळे लांब सफरीत कोरडी जोडी बरोबर असलेली बरी.

प्रत्यक्ष चालविताना पकड वारंवार बदलणे हा सर्व उपायांतील सर्वांत परिणामकारक उपाय होय. मुंग्या येण्याची वाट न पाहता दर काही मिनिटांनी हाताची जागा बदलावी. कोपरे किंचित वाकलेली ठेवल्यास ती स्प्रिंगसारखी धक्के पचवितात. मूठ हँडल निसटणार नाही इतपतच आवळावी. खड्डा किंवा गतिरोधक दिसताच पायडल समपातळीत आणून सीटवरून थोडे उठावे. एकेक हात मोकळा करून झटकणे ठीक आहे, पण रहदारीत किंवा उतारावर ते करू नये. लांब घाट उतरताना मध्येच सुरक्षित जागी थांबून हात मोकळे करण्यात कमीपणा नाही; थकलेली बोटे ब्रेक पुरेसा दाबू शकत नाहीत, आणि बधिर हाताचा खरा धोका तेथे असतो.

पोट व पाठीच्या स्नायूंची ताकद वाढविणारे व्यायाम धड तोलण्यास मदत करतात. तथापि दंड, सूर्यनमस्कार व प्लँक यांत तळहात जमिनीवर टेकून मनगट पूर्ण मागे मोडले जाते. बोटे आधीच बधिर असताना हे व्यायाम काही दिवस थांबविणे किंवा कोपरांवर टेकून करणे योग्य ठरते.

निदान

सायकलस्वारीचा इतिहास व बधिर बोटांची नोंद यांवरून डॉक्टरांना अंदाज येतो. पंजाच्या मागील बाजूची संवेदना हा महत्त्वाचा धागा आहे. करंगळीकडील पंजाच्या मागच्या भागाला संवेदना पुरविणारा अल्नर तंत्रिकेचा फाटा मनगटाच्या काही सेंटीमीटर वरच वेगळा होतो आणि गुयाँ नलिकेतून जात नाही. त्यामुळे हँडलच्या दाबाने झालेल्या विकारात तळहाताकडील बाजू बधिर असली तरी मागील बाजू शाबूत राहते. मागील बाजूही बधिर असेल तर दोष कोपरापाशी, मानेत किंवा अन्यत्र शोधावा लागतो. तंत्रिकेतून विद्युत्संदेश किती वेगाने जातो हे मोजणारी चाचणी जागा निश्चित करते. नलिकेत गाठ आहे का हे सोनोग्राफी किंवा एमआरआयने पाहता येते.

भारतात एका गोष्टीकडे विशेष लक्ष देणे आवश्यक आहे. कुष्ठरोगात अल्नर तंत्रिका वारंवार बाधित होते, आणि करंगळी व अनामिका बधिर होणे, नंतर ती वाकडी होणे, ही त्या रोगाची परिचित लक्षणे आहेत. सायकल चालविणाऱ्या व्यक्तीची बोटे बधिर झाली म्हणून कारण सायकलच असेल असे गृहीत धरल्यास हे निदान निसटू शकते. अंगावर फिकट किंवा लालसर, स्पर्श न कळणारा चट्टा असणे, कोपरामागील तंत्रिका दोरीसारखी जाड लागणे, किंवा सायकल बंद करूनही बधिरपणा वाढत जाणे ही तपासणी करून घेण्याची कारणे होत. कुष्ठरोग बहुविध औषधोपचाराने पूर्ण बरा होतो, हे उपचार सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात आणि ते जितक्या लवकर सुरू होतील तितकी हातातील व्यंगे टळतात.

मधुमेह आणि ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांतही मुंग्या येतात, पण त्या बहुधा पायांपासून सुरू होतात व दोन्ही बाजूंना असतात. मधुमेहींच्या तंत्रिका दाबाला लवकर बळी पडत असल्याने त्यांनी अधिक जपावे. एका बाजूचा हात अचानक बधिर होऊन बोलणे अडखळणे किंवा चेहरा वाकडा होणे, अथवा डाव्या हातातील कळेबरोबर छातीत दडपण व घाम येणे, ही तातडीने रुग्णालय गाठण्याची लक्षणे असून त्यांचा हँडलशी संबंध जोडत बसू नये.

उपचार

केवळ मुंग्या व बधिरपणा असल्यास सायकल काही दिवस बाजूला ठेवणे आणि मापे सुधारणे एवढ्यानेच बहुतेकांना काही दिवसांत ते काही आठवड्यांत आराम पडतो. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधण्याचा सल्ला दिला जातो. दाहशामक गोळ्या वेदना कमी करतात, दाब मात्र कमी करीत नाहीत. त्या घेऊन सफर चालू ठेवणे हे सूचनेची घंटा काढून ठेवण्यासारखे आहे.

शक्ती कमी झाली असेल तर बरे होण्यास महिने लागू शकतात. आवरणापुरती इजा असल्यास पुनर्लाभ सहसा पूर्ण होतो. धागे तुटले असल्यास ते दिवसाला सुमारे १ मिलिमीटर या गतीने वाढतात आणि तोवर स्नायू टिकवून धरण्यासाठी भौतिकोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली व्यायाम करावे लागतात. शस्त्रक्रियेने नलिका मोकळी करण्याची वेळ सायकलस्वारांवर क्वचितच येते. नलिकेत गाठ आढळली किंवा विश्रांतीनंतरही अशक्तपणा वाढत राहिला तर तिचा विचार होतो.

पुन्हा सुरुवात करताना अंतर हळूहळू वाढवावे. तक्रार परतलीच तर ती किती किलोमीटरनंतर, कोणत्या पकडीत व कोणत्या रस्त्यावर आली याची नोंद ठेवल्यास मापे दुरुस्त करणाऱ्याचे काम सोपे होते, आणि एका वेळी एकच माप बदलले तर कोणत्या बदलाचा गुण आला हेही कळते.

हातांच्या अन्य तक्रारी

तळहाताला फोड येणे व घट्टे पडणे या कातडीच्या तक्रारी सर्वांत सामान्य असून त्या तंत्रिकेच्या विकाराशी जोडू नयेत. गियरचा खटका वारंवार अंगठ्याने ढकलल्याने अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखू शकते; खटक्याची जागा बदलणे किंवा गियरची तार स्वच्छ करून खटका हलका करणे हा त्यावरील उपाय. थंडीत पहाटे चालविताना बोटे पांढरी पडून बधिर होतात ती रक्तवाहिन्या आकसल्याने. अशा वेळी बधिरपणा दोन-तीन बोटांपुरता न राहता बहुधा सर्व बोटांच्या टोकांना येतो आणि हात उबेत आल्यावर जातो. त्यासाठी पूर्ण बोटांचे, वारा अडविणारे मोजे पुरतात.